माशांच्या आधीं जंतु : गच्चीवरील मत्स्य-भाजी बागेचा एक अनुभव

आपल्या वाचकांपैकीं कित्येकांचीं शेतें गांवीं असलीं, तरी मुलांच्या शिक्षणासाठीं किंवा नोकरीसाठीं त्यांचीं बिऱ्हाडें शहरांत आहेत. अशा मंडळींस जमिनीची ओढ स्वस्थ बसूं देत नाहीं. मग गच्चीवर कुंड्या येतात, आणि कुंड्यांनीं समाधान झालें नाहीं म्हणजे कांहीं नवें करून पाहण्याची इच्छा होते. आमचीहि गोष्ट अशीच झाली. छत्रपती संभाजीनगरांतील पुंडलिकनगर भागांत एका लहान घराच्या गच्चीवर आम्हीं मासे व भाजीपाला एकाच पाण्यावर वाढविण्याचा प्रयोग केला. या पद्धतीस अ‍ॅक्वापोनिक्स असें नांव आहे. या लेखांत आम्ही तिला मत्स्य-भाजी बाग म्हणूं. पहिल्या खेपेस हा प्रयोग साफ फसला, आणि आमच्या उतावळेपणापायीं वीस मुके जीव प्राणांस मुकले. दुसऱ्या खेपेस तो साधला. दोन्ही खेपांचें साहित्य एकच होतें. फरक होता तो चाळीस दिवस वाट पाहण्याचा. ही वाट कशासाठीं पाहावयाची, हें नवशिक्यांस कळावें व त्यांच्या हातून तेंच पाप घडूं नये, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

पद्धतीचें तत्त्व

तत्त्व सोपें आहे. माशांस खाद्य घालावें. त्या खाद्यांतील नत्राचा बराच भाग माशांच्या कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपानें पाण्यांत उतरतो. विष्ठा व उरलेलें खाद्य कुजून त्यांत भर पडते. हें पाणी पंपानें खडीनें भरलेल्या वाफ्यांत सोडावें. खडीच्या अंगावर वाढणारे सूक्ष्म जंतु अमोनियाचें प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करितात. नायट्रेट हें भाजीचें अन्न. तें मुळें शोषून घेतात, आणि पाणी निवळून पुनः माशांच्या टाकींत उतरतें. अशा रीतीनें मासे झाडांस पोसतात, झाडें माशांचें पाणी शुद्ध ठेवितात, आणि दोघांच्या मध्यें उभे असलेले जंतु कोणाच्या दृष्टीस पडत नाहींत. नवशिक्याचा घात होतो तो येथेंच. तो मासे पाहतो, भाजी पाहतो; जंतु त्याच्या हिशेबांतच नसतात.

ही कल्पना अगदींच नवी आहे असें नाहीं. चीन व जावा येथील शेतकरी भाताच्या खाचरांत मासे वाढवीत आले आहेत. गोमंतकांतील खाजण जमिनींत एकाच बांधाच्या आंत पावसाळ्यांत भात पिकतो आणि मानशीच्या दारापाशीं मासळी धरली जाते. आजचें टाक्या-पंपांचें रूप मात्र गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांतलें आहे. अमेरिकेंत १९६९ सालीं स्थापन झालेल्या न्यू अल्केमी इन्स्टिट्यूटनें त्या दिशेनें आरंभींचे प्रयोग केले. पुढें व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठांत डॉ. जेम्स राकोसी यांनीं खाद्य किती व त्यावर भाजी किती याचें गणित बसविलें. आणि २०१४ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेनें लहान प्रमाणावरील अशा बागांविषयीं विस्तृत पुस्तिका प्रसिद्ध केली. आमच्या शहरास तर एका पाण्याकडून अनेक कामें करून घेण्याची शिकवण जुनीच आहे. मलिक अंबरानें सतराव्या शतकांत येथें नहर काढली, आणि अठराव्या शतकांतील पाणचक्कीच्या पाण्यानें दळणहि दळलें व हौदहि भरला.

शेतकऱ्यास ठाऊक असलेली गोष्ट

ओलें, कच्चें शेण पिकाच्या बुडाशीं घातलें तर पीक जळतें, हें आपल्या शेतकऱ्यास कोणी सांगावयास नको. तेंच शेण उकिरड्यांत मुरलें, कुजलें, म्हणजे त्याचें सोनें होतें. हें मुरणें म्हणजे काय? असंख्य जंतूंनीं केलेलें काम. त्यांतील एक महत्त्वाचें काम अमोनियाचें नायट्रेट करण्याचें होय. जुन्या भिंतींच्या व गोठ्यांच्या मातींतून पूर्वीं सोरा काढीत, तोहि याच जंतूंच्या श्रमाचा होता.

हें काम जिवंत प्राण्यांचें आहे, हें १८७७ सालीं श्लोझिंग व म्युन्त्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनीं दाखविलें. त्यांनीं वाळू भरलेल्या नळींतून गटाराचें पाणी हळूहळू झिरपत ठेविलें. पहिले सुमारें वीस दिवस अमोनिया जसाच्या तसा बाहेर पडत होता. नंतर त्याचें नायट्रेट होऊं लागलें. क्लोरोफॉर्मची वाफ सोडतांच तें काम थांबलें. वाफ काढून थोडेंसें मातीचें पाणी घालतांच कांहीं काळानें पुनः सुरू झालें. पुढें १८९० च्या सुमारास विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञानें हे जंतु वेगळे काढून दाखविले. वाचकांनीं वीस दिवसांची ती वाट नीट ध्यानांत ठेवावी. आमच्या गच्चीवरील खडीचा वाफा ही त्या नळीचीच मोठी आवृत्ति होय, आणि ही वाट चुकविण्याच्या नादांतच आमचा पहिला प्रयोग बुडाला.

पहिली खेप

आमचें साहित्य साधें होतें. ५०० लिटरची एक काळी टाकी माशांसाठीं घेतली. २०० लिटरचें एक निळें पिंप उभें चिरून त्याचे दोन वाफे केले. दोहोंचें मिळून क्षेत्र सुमारें एक चौरस मीटर व खोली सुमारें एक फूट भरली. पंप उन्हाळी कूलरचा, १८ वॅटचा. वाफे टाकीच्या वर लोखंडी घोडीवर ठेविले, म्हणजे पाणी आपल्या उतारानें खालीं येईल. वैशाखाचे दिवस होते. टाकी भरली, पंप चालू झाला, पाणी खळखळूं लागलें, आणि त्याच दिवशीं संध्याकाळीं आम्हीं रोहूचीं वीस बोटुकलीं आणून टाकींत सोडलीं. वाफ्यांत पालक व कोथिंबीर पेरली. घरांतील मुलें दिवसांतून चार वेळां मुठीनें खाद्य घालीत, आणि मासे वर येऊन तें खात, याचें आम्हांसहि कौतुक वाटे.

चौथ्या दिवशीं पाणी दुधाळ झालें. सहाव्या दिवशीं पहांटे मासे पृष्ठभागाशीं येऊन तोंडें उघडझांप करीत असलेले दिसले. आम्हीं घाबरून अर्धें पाणी काढलें आणि नळाचें ताजें पाणी तसेंच टाकींत सोडलें. त्या पाण्यांत जंतुनाशक क्लोरीन होता, याचें भान राहिलें नाहीं. आठव्या दिवशीं एकहि मासा जिवंत नव्हता. त्या काळीं आमच्या भागांत नळ रोज येत नसे. कांहीं दिवसांच्या अंतरानें येणारें पाणी घरोघर पिंपांत सांठवून पुरवून वापरावें लागे. म्हणजे माशांचे प्राण गेले ते गेलेच, वर घरच्या वापराचें पाणीहि गेलें. घरांतील वडील माणसें एवढेंच म्हणालीं, "जीव सांभाळतां येत नसेल तर पाळूं नये." या बोलण्यास उत्तर नव्हतें.

चूक कोठें झाली?

मागाहून पाणी तपासण्याचे थेंब आणून उरलेलें पाणी पाहिलें. अमोनिया लिटरमागें ४ मिलिग्रॅम व सामू ८.२ निघाला. येथें एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. पाण्यांतील अमोनिया दोन रूपांत असतो. त्यांतील एक रूप माशांस फारसें बाधत नाहीं व दुसरें जहाल विष असतें. कोणतें किती, हें सामू व उष्णता यांवर ठरतें. पाणी ३० अंशांवर असतां सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकीं विषारी भाग शेंकडा एकाहूनहि कमी असतो, सामू ८.२ झाला कीं तोच भाग शेंकडा अकरांच्या वर जातो. म्हणजे लिटरमागें ४ मिलिग्रॅम अमोनिया एका पाण्यांत मासे कसेबसे सोशितात, आणि दुसऱ्या पाण्यांत त्यानेंच मरतात. आपल्या काळ्या पाषाणाच्या प्रदेशांतील विहिरींचें व बोअरचें पाणी बहुधा कठीण व सामूनें चढें असतें. त्यांत उन्हाळ्याची भर. नवशिक्यानें मराठवाड्यांत वैशाखांत मासे सोडणें म्हणजे कच्चें शेण भर उन्हांत रोपांच्या बुडाशीं घालण्यासारखेंच आहे.

दुसरी चूक खाद्याची. ३० ग्रॅम खाद्यांत प्रथिनें शेंकडा ३५ धरलीं तर नत्र सुमारें १.७ ग्रॅम येतो. त्यांतील निम्मा जरी अमोनिया होऊन पाण्यांत उतरला, तरी ५०० लिटर पाण्यांत दर दिवशीं लिटरमागें दीड मिलिग्रॅमाहून अधिक भर पडते. तो खाणारे जंतु वाफ्यांत नसतांना चार-पांच दिवसांत काय होईल, हें सांगावयास नको.

दुसरी खेप : आधीं जंतु

पावसाळा सरत आल्यावर, भाद्रपदांत, आम्हीं पुनः आरंभ केला. या वेळीं टाकींत मासा नव्हता. टाकी व वाफे भरून पंप चालू ठेविला आणि रोज चिमूटभर खाद्य पाण्यांत कुजूं दिलें. एका परिचितांच्या जुन्या, निरोगी मत्स्यपेटीच्या तळांतील बादलीभर खडी मागून आणून वाफ्यांत मिसळली. दह्याला विरजण लावावें त्यांतलाच हा प्रकार. त्या खडीवरचे जंतु हेंच आमचें विरजण.

येथें शेतकरी वाचकांच्या मनांत येईल कीं, नत्र पाहिजे तर घरांत युरिया आहेच, तो घालावा. हिशेब केला तर ५०० लिटर पाण्यांत लिटरमागें २ मिलिग्रॅम नत्र येण्यास सव्वादोन ग्रॅमहि युरिया लागत नाहीं. परंतु यांत एक मेख आहे. २०१५ सालापासून देशांतील कारखान्यांत तयार होणाऱ्या अनुदानित युरियास निंबोळी तेलाचा लेप देणें बंधनकारक झालें. निंबोळीचा गुण असा कीं, अमोनियाचें नायट्रेट करणाऱ्या जंतूंचें काम तो मंद करितो. शेतांत हा गुण हितकर आहे, कारण नत्र सावकाश सुटतो व वाया कमी जातो. परंतु येथें आपणांस तेच जंतु वाढवावयाचे आहेत. म्हणून शेतांतला गुण तो टाकींतला दोष ठरतो. कुजणारें खाद्य हाच नवशिक्यास सोपा मार्ग होय.

आमच्या वहींतील नोंदी अशा आहेत. पांचव्या दिवसापासून अमोनिया दिसूं लागला व दुसऱ्या आठवड्यांत लिटरमागें ३ मिलिग्रॅमांपर्यंत चढला. सोळाव्या दिवशीं नायट्राइट दिसलें. म्हणजे जंतूंची पहिली पलटण कामास लागली. अमोनिया उतरला, पण नायट्राइट चढत गेलें. अनेकजण याच सुमारास अमोनिया उतरलेला पाहून मासे सोडतात व फसतात. कारण नायट्राइटहि विषच आहे. तें माशाच्या रक्तांत शिरून रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति हरण करितें. नायट्राइट खाणारी जंतूंची दुसरी पलटण मागाहून येते. चौतिसाव्या दिवसापासून नायट्राइट उतरूं लागलें, नायट्रेट चढूं लागलें, आणि चाळिसाव्या दिवशीं अमोनिया व नायट्राइट दोन्ही जवळजवळ शून्यावर आलीं. त्यानंतरच आम्हीं सायप्रिनसचीं दहा बोटुकलीं सोडलीं. ही जात काटक आहे. प्रत्येकाचा अनुभव दिवसांच्या बाबतींत थोडा निराळा असेल. थंडींत हेंच काम अधिक लांबतें. म्हणून दिवस मोजूं नयेत, पाणी तपासावें.

मासे टाकींत असतांना नायट्राइट चढलेंच, तर ५०० लिटर पाण्यांत सुमारें ५० ग्रॅम साधें मीठ विरघळवून घालावें. मिठांतील क्लोराइड नायट्राइटास माशाच्या शरीरांत शिरूं देत नाहीं. परंतु हा संकटकाळचा उपाय आहे. वारंवार केल्यास मीठ सांठून भाजीस बाधतें.

दगड व वजन

वाफ्यांतील दगडाची परीक्षा केल्यावांचून तो वापरूं नये. चुनखडीचा दगड पाण्यांत विरघळून सामू वर चढवितो. मूठभर खडी वाटींत घेऊन तीवर लिंबाचा रस पिळावा. बुडबुडे आले तर ती टाकून द्यावी. आपल्याकडील काळ्या दगडाची खडी बहुधा या परीक्षेंत उतरते. परंतु त्याच्या पोकळ्यांतून कधीं कधीं पांढरे स्फटिक असतात, त्यांतील चुन्याच्या जातीचे फसफसतात. असे खडे वेंचून काढावे. खडी बोराएवढी, धुवून घेतलेली असावी. भुकटी राहिल्यास वाफा तुंबतो.

वजनाचा विचार गच्चीवर चढण्यापूर्वीं करावा. ५०० लिटर पाण्याचें वजन ५०० किलो. दोन्ही वाफ्यांतील २०० लिटर खडीचें वजन सुमारें ३०० किलो. त्यांत पाण्याची भर. हें ओझें स्लॅबच्या मध्यावर न ठेवितां भिंतीच्या किंवा तुळईच्या वर ठेवावें, आणि घर जुनें असल्यास जाणकारास दाखवावें. जमिनीवर जागा असेल तर गच्चीचा नाद सोडणेंच बरें.

पाणी

नळाचें पाणी उघड्या पिंपांत निदान एक-दोन दिवस ठेवावें व मधून मधून ढवळावें, म्हणजे साधा क्लोरीन उडून जातो. तें ठेवितांना वर बारीक जाळी बांधावी, नाहींतर डासांची पैदास होते. एकाच वेळीं टाकींतील दहाव्या हिश्शाहून अधिक पाणी बदलूं नये.

सामूविषयीं तिघांचें मत तीन तऱ्हांचें असतें. माशांस साडेसहा ते साडेआठ चालतो, झाडांस साडेपांच ते साडेसहा आवडतो, जंतूंस सहा ते साडेआठ मानवतो. सहा ते सातच्या दरम्यान तिघांची तडजोड होते. कठीण पाण्याचा सामू आरंभीं चढा असला तरी घाबरूं नये. जंतु काम करूं लागले म्हणजे आम्ल तयार होतें. एक ग्रॅम नत्राचें नायट्रेट होतांना सुमारें सात ग्रॅम चुन्याइतकी क्षारता खर्च होते. त्यामुळें सामू आपोआप हळूहळू उतरतो. तो सहाच्या खालीं जाऊं लागला कीं, थोडें बोअरचें पाणी घालतांच सांवरतो. आमच्या कठीण पाण्याचा हा एक उपयोग.

रोज किती पाणी घालावें लागतें, हें आम्हीं मापानें मोजलें. थंडींत आठ लिटर व उन्हाळ्याच्या आरंभीं बारा लिटरपर्यंत लागे. टंचाईच्या गांवांत माशांसाठीं पाणी कशास, असें शेजारी विचारीत. पहिल्या खेपेस आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. दुसऱ्या खेपेस हें माप आम्हीं त्यांस दाखविलें. एक चौरस मीटर भाजी एवढ्याशा पाण्यांत होते, आणि तें पाणी उडून जातें तेवढेंच. निचऱ्यावाटे कांहीं जात नाहीं. तरी पण ज्या घरीं पिण्याच्या पाण्याचीच ओढाताण आहे, तेथें उन्हाळ्यांत ही बाग आरंभूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

ऊन, वारा व वीज

पाणी तापलें कीं त्यांत प्राणवायु कमी मावतो. २५ अंशांवर लिटरमागें सुमारें ८ मिलिग्रॅम, तर ३५ अंशांवर ७ मिलिग्रॅमांच्याहि आंत. आणि नेमक्या उष्ण पाण्यांत माशांस तो अधिक लागतो. म्हणून टाकीवर जाळीचा मांडव घालावा, काळ्या टाकीस बाहेरून पांढरा चुना द्यावा किंवा ओलें गोणपाट गुंडाळावें. वाफ्यांतून परतणारें पाणी उंचावरून टाकींत पडूं द्यावें, म्हणजे वारा मिसळतो.

वीज जाणें ही आपल्याकडील नित्याची अडचण. पंप कांहीं तास बंद राहिला तर झाडें तग धरतात, मासे धरीत नाहींत. पहांटेची वेळ त्यांत सर्वांत वाईट. बॅटरीवर चालणारा लहान हवापंप घरीं ठेवावा. मासे थोडे ठेवावे, हा त्याहूनहि चांगला उपाय. ५०० लिटर पाण्यांत पूर्ण वाढलेले मासे एकूण ५ किलोंच्या वर असूं नयेत. यावरून आमचीं पहिलीं वीस बोटुकलीं जगलीं असतीं, तरी पुढें त्यांस जागा पुरली नसती, हें उघड आहे.

भाजी

पालेभाजीसाठीं दर चौरस मीटरास दर दिवशीं ४० ते ५० ग्रॅम खाद्य माशांनीं खाल्लें पाहिजे, असें अन्न व कृषि संघटनेच्या पुस्तिकेंतील प्रमाण आहे. दहा लहान मासे आरंभीं ८-१० ग्रॅमच खातात. म्हणून सगळा वाफा एकदम लावूं नये. चतुर्थांश लावावा व माशांबरोबर बाग वाढवावी. पुदिना, पालक, अळू हीं लवकर धरतात; टोमॅटो व वांगें पहिल्या वर्षीं नकोत. खाद्य पांच-दहा मिनिटांत संपेल एवढेंच, दिवसांतून दोन वेळां, आणि एकाच माणसानें घालावें.

दोन महिन्यांनीं आमच्या पालकाचीं कोंवळीं पानें पिवळीं पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. उसास लोहाच्या कमतरतेनें केवडा पडतो तोच हा प्रकार. माशांच्या खाद्यांत लोह झाडांस पुरेल इतकें नसतें, आणि सामू चढा असला तर असलेलेंहि मिळत नाहीं. चिलेट केलेलें लोह ५०० लिटरांस लिटरमागें दोन मिलिग्रॅम लोह या हिशेबानें घालतांच नवीं पानें हिरवीं आलीं. मावा पडल्यास औषध फवारूं नये. कीटकनाशकाचे थेंब पाण्यांत उतरले कीं मासे गेले. पाण्याची जोरदार धार मारून मावा धुवून काढावा, व ती पानें टाकीपासून दूर नेऊन टाकावीं. पाण्यांत शेण किंवा मैला कधींहि मिसळूं नये, आणि भाजी कच्ची खावयाची असल्यास नीट धुवावी.

मासे निवडतांना कायद्याकडेहि लक्ष द्यावें. थाई मांगूर पाळण्यास आपल्या देशांत २००० सालापासून बंदी आहे. टाकींतला कोणताहि मासा नको झाला म्हणून नदीनाल्यांत किंवा धरणांत सोडूं नये. परका मासा देशी माशांचें अन्न व जागा बळकावितो.

जमाखर्च व शेततळें

वीज थोडी लागते. १८ वॅटचा पंप दर तासास पंधरा मिनिटें व पांच वॅटचा हवापंप अखंड चालविल्यास दिवसास पाव युनिटहि होत नाहीं. उत्पन्न म्हणाल तर आठवड्यास घरापुरत्या पालेभाजीच्या दोन-तीन जुड्या. टाकी, पंप, तपासणीचे थेंब यांचा खर्च यांतून लवकर निघेल असें आम्ही म्हणत नाहीं. नफ्यासाठीं ही बाग कोणी करूं नये. आणि मोठा नफा मिळेल असें सांगून कोणी महाग साहित्य विकूं लागल्यास वहींतील नोंदी मागाव्या.

परंतु गच्चीवर शिकलेलें शेतांत कामास येतें. १९७० च्या दशकांत पैठणजवळ जायकवाडीचें धरण झालें, तरी मराठवाड्यांतील पुष्कळशी शेती पावसाच्या व विहिरीच्या भरंवशावरच राहिली. २०१६ सालीं राज्यांत "मागेल त्याला शेततळे" ही योजना निघाल्यापासून शेततळीं पुष्कळ झालीं आहेत. ज्यांचें तळें सात-आठ महिने टिकतें, त्यांनीं त्यांत थोडे रोहू, कटला, सायप्रिनस सोडून तें पाणी भाजीस दिलें, तर हीच मत्स्य-भाजी बाग पंप-पिंपांच्या खटाटोपावांचून साधते. तेथें खडीचा वाफा नको; जमीनच वाफा आहे, आणि नायट्रेट करणारे जंतु तींत आधींपासून नांदत आहेत. ठिबकानें पाणी देणाऱ्यांनीं गाळणी तेवढी वरचेवर धुवावी.

सारांश

नवशिक्यानें एवढें ध्यानांत ठेवावें. आधीं दगडाची व पाण्याची परीक्षा करावी. मग माशांवांचून पाणी फिरतें ठेवून जंतु वाढवावे. अमोनिया व नायट्राइट दोन्ही उतरलेलीं डोळ्यांनीं पाहिल्यावांचून मासे आणूं नयेत. मासे थोडे, खाद्य थोडें, भाजी हळूहळू. उन्हाळ्यांत आरंभ करूं नये.

पेरणीपूर्वीं जमिनीची मशागत करावी लागते, हें आपण जाणतोंच. पाण्याचीहि मशागत असते. ती दिसत नाहीं, म्हणून आम्हीं ती केली नाहीं आणि तिची किंमत त्या वीस बोटुकल्यांनीं दिली. आज टाकीपाशीं उभे राहिलें कीं दहा सायप्रिनस वर येतात, आणि घरांतील वडील माणसेंच त्यांस सकाळचें खाद्य घालतात. मूठ मात्र आतां चिमटीवर आली आहे.